रस्त्यात टायर बसला तर जॅक लावायच्या आधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की हायवेवर पुढचा टायर बसला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलमध्येच होता, जॅक लावून चाक उचललं आणि मग नट सोडवायला गेलात तर पान्याबरोबर अख्खं चाकच फिरायला लागलं. जोर लावला तर गाडी जॅकवर डुलायला लागली म्हणून घाबरून सोडून दिलं आणि मदत बोलावली. आता विचारताय की नेमकं चुकलं कुठे आणि पुढच्या वेळी कसं करायचं.

आधी हे सांगतो की सोडून दिलंत ते एकदम बरोबर केलंत. मी बरीच वर्षं ब्रेकडाउनच्या गाडीवर आहे, रस्त्यावर अडकलेल्या लोकांचे टायर बदलणं हे माझं रोजचं काम, आणि जॅकवर डुलणाऱ्या गाडीशी हट्ट करणारी माणसं बघितली की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

चुकलं ते फक्त क्रमात. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, पुढचं चाक हवेत आणि गिअर न्यूट्रल म्हटल्यावर त्या चाकाला धरून ठेवणारं काहीच नव्हतं, ते फिरणारच. समजा गिअरमध्ये असती आणि चाक फिरलं नसतं तरी तुम्ही पान्यावर लावलेला सगळा जोर जाणार कुठे, तर जॅकवर, आणि गाडीतला जॅक सरळ वर उचलायला बनवलेला असतो, आडवा धक्का सोसायला नाही. म्हणून मी नवीन मुलांना शिकवतो तेव्हा एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवतो: जेवढा जोर लावायचाय तेवढा चाक जमिनीवर असताना, चाक हवेत असताना फक्त हलक्या हाताचं काम. नट ढिले करणं जमिनीवर, शेवटचं आवळणं जमिनीवर, मधे हवेत फक्त चाक काढणं आणि घालणं. हे धरून चाललात तर बाकीचा क्रम आपोआप लक्षात राहतो.

आता सुरुवातीपासून.

टायर बसतोय हे कळतं कसं, तर स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं, गाडी जड वाटते, खालून फडफड आवाज येतो. करकचून ब्रेक मारू नका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडीला तिच्या गतीने हळू होऊ द्या, चारी इंडिकेटर लावा आणि मग कडेला घ्या. टायर एकदम फुटला तरी हेच, फक्त स्टिअरिंग आणखी घट्ट धरायचं, कारण जोराच्या ब्रेकने गाडीचं वजन पुढे येतं आणि पुढचा टायर गेला असेल तर गाडी त्या बाजूला खेचली जाते.

कुठे थांबायचं यात मात्र घाई करू नका. लोक टायर बसला म्हटल्यावर आहे तिथेच थांबतात, वळणावर, पुलावर, चढावर, का तर रिम खराब होईल. अहो होऊ दे खराब! अगदी हळू, माणूस चालतो त्या वेगाने शे-दोनशे मीटर गेलात तर फार फार तर टायर फुकट जाईल, रिम जाईल, दोन्ही विकत मिळतात. जागा सपाट पाहिजे, जमीन कडक पाहिजे, रस्ता सरळ पाहिजे म्हणजे मागून येणाऱ्याला तुम्ही लांबून दिसाल, आणि गाडी रस्त्यापासून होईल तेवढी आत पाहिजे. मऊ मातीत जॅक उचलत नाही, स्वतःच खाली रुततो. उतारावर तर जॅक लावूच नका.

थांबलात की सगळ्यांना गाडीतून उतरवा, ट्रॅफिक नसलेल्या बाजूच्या दारातून, आणि रस्त्यापासून लांब उभं करा, कठडा असेल तर कठड्याच्या पलीकडे. मागे झोपलेलं मूल असेल तरी त्याला उचलून बाहेर काढा, जॅकवरच्या गाडीत कोणीही बसायचं नाही. मग गाडीबरोबर मिळणारा चमकणारा लाल त्रिकोण. तो गाडीच्या मागे दहा पावलांवर ठेवलेला मी रोज बघतो आणि त्याचा काही उपयोग नसतो, कारण ताशी ९० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. म्हणजे त्रिकोण ५० मीटरवर ठेवला तरी त्या ड्रायव्हरला त्रिकोणापासून तुमच्यापर्यंत यायला दोन सेकंद लागतात, फक्त दोन. त्यामुळे ५० मीटर हे कमीत कमी समजा आणि वेगवान रस्त्यावर त्याहून लांब ठेवा. ठेवायला जाताना कडेकडेने जा, त्रिकोण उघडून छातीसमोर धरून जा म्हणजे तुम्हीही दिसाल. पण जिथे कडेला चालायलाही जागा नाही आणि गाड्या अंगावरून जातायत तिथे त्रिकोणासाठी जीव धोक्यात घालू नका, लाइट चालू ठेवून लांब जाऊन उभे राहा आणि फोन करा.

आणि इथेच एक निर्णय घ्यायचा असतो जो लोक घेत नाहीत. बसलेला टायर वाहत्या ट्रॅफिकच्या बाजूला असेल, गाड्या जोरात जात असतील आणि गाडी अजून आत घ्यायला जागा नसेल, तर तो टायर तुम्ही बदलायचा नाही. आम्ही लोक जातो तेव्हा आमच्या मागे मोठी गाडी असते, त्यावर दिवे फिरत असतात, अंगात चमकणारं जॅकेट असतं, आणि तरीही तसल्या जागी आम्ही आधी गाडी दुसरीकडे हलवता येते का ते बघतो. रस्त्याकडे पाठ करून खाली बसलेला माणूस मागून येणाऱ्याला दिसतच नाही हो. रात्र असेल, पाऊस असेल तर याचा दुप्पट विचार करा.

जागा चांगली आहे असं धरून पुढे जाऊ. हँडब्रेक पूर्ण ओढा, मॅन्युअल असेल तर पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी, इंजिन बंद. आणि याच्यावर भरवसा ठेवून न थांबता चाकाला दगड लावा, कोपऱ्यातून कोपऱ्यात, म्हणजे पुढचं डावं चाक काढताय तर मागच्या उजव्या चाकाला, पुढून आणि मागून दोन्हीकडून. विटेचा तुकडा चालतो, लाकडाचा ठोकळा सगळ्यात चांगला. लोक म्हणतात गिअर टाकलाय की, मग दगड कशाला. याचं कारण डिफरेन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. इंजिनची ताकद ज्या दोन चाकांना जाते त्यातलं एक चाक वर उचललं की ते हवेत उलटं फिरायला मोकळं होतं, त्यामुळे जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला गिअरची पकड जवळजवळ राहतच नाही. मग सगळी भिस्त हँडब्रेकवर. आणि मागचं चाक उचलत असाल तर हँडब्रेकच्या दोन चाकांपैकी एक हवेत, म्हणजे पकड उरली एका चाकाची. दगड हा त्यासाठी असतो.

आता डिकी उघडा, पण काही सोडवायच्या आधी स्टेपनी बाहेर काढून तिच्यात हवा आहे का बघा. हे आधी बघायचं. गाडी जॅकवर चढवून, चाक काढून, घामाघूम होऊन मग स्टेपनी काढतात आणि ती पण बसलेली, असे लोक कमी नाहीत. अंगठ्याने दाबून खरं काही कळत नाही, गेज असेल तर लावा, नसेल तर स्टेपनी उभी करून तिच्यावर वजन टाका आणि खाली किती चपटी होते बघा. काही गाड्यांत स्टेपनी डिकीच्या आत नसून गाडीच्या खाली केबलला लटकवलेली असते, ती उतरवायला बंपरच्या वर किंवा डिकीच्या तळात एक भोक असतं त्यात रॉड घालून फिरवावं लागतं. चिखलामुळे ती केबल जाम होते, म्हणून अशी गाडी असेल तर वर्षातून एकदा तरी घरी उतरवून बघा.

मग नट. चाकावर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर पान्याच्या चपट्या टोकाने कडेने हळूहळू उचकटा, पण आधी नीट बघा, काही कव्हरं नटांनीच धरलेली असतात, ती नट काढल्यावरच निघतात आणि ओढली तर तुटतात. अलॉय असेल तर एखादा नट बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतोय का बघा, तो चोरीसाठीचा लॉक नट, त्याला वेगळी चावी लागते, एक छोटा लोखंडी तुकडा असतो जो पाना आणि नटाच्या मधे बसतो. ती चावी कुठे आहे हे आजच शोधून ठेवा, कप्प्यात असेल, डिकीच्या टूलबरोबर असेल, किंवा शेवटच्या सर्व्हिसिंगला वर्कशॉपमध्येच राहिली असेल. ती नसेल तर रस्त्यावर मीसुद्धा तो नट सहजासहजी काढू शकत नाही.

नट उघडायची दिशा घड्याळाच्या उलटी. जोर कसा लावायचा याची एक साधी युक्ती आहे. पाना नटावर पूर्ण आत घाला, अर्धवट नाही, आणि पान्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा लावा, घड्याळात नऊ वाजता तास काटा असतो तसा, आणि मग वरून खाली दाबा. खाली दाबलं की नट उघडायच्याच दिशेने फिरतो आणि दाबायला हाताच्या ताकदीऐवजी अंगाचं वजन वापरता येतं. बहुतेक लोक दांडा उजवीकडे ठेवून वर ओढतात, त्यात कंबर जाते आणि पाना सटकला तर पाना थेट तोंडावर. हातांनी नाही जमलं तर पायाने दाबा, गाडीला धरून, हळूहळू वजन टाकत, उड्या मारू नका. उडी मारली की पाना तिरका होतो, नटाचे कोपरे झिजून नट गोल होतो आणि मग तो नट कोणाच्या बापाला निघत नाही. पान्याच्या दांड्यावर चढेल असा लोखंडी पाइपचा तुकडा डिकीत ठेवा, दांड्याची लांबी दुप्पट झाली की लागणारा जोर निम्म्यावर येतो, बारीक अंगाच्या माणसालाही सहज जमतं.

सगळे नट अर्धा ते एक फेरा ढिले करा, बस. काढायचा एकही नाही, अजून चाक जमिनीवर आहे.

आता जॅक, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गाडीच्या खाली कुठेही लोखंड दिसलं म्हणून जॅक लावायचा नसतो. दोन चाकांच्या मधे दारांच्या खाली गाडीची जी कड असते तिथे हात फिरवून बघा, खाली एक उभी पातळ पत्र्याची पट्टी लागेल. ही पट्टी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाते, आणि पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, अशा दोन्ही ठिकाणी तिच्यात जवळजवळ दोन-दोन छोट्या खाचा असतात, काही गाड्यांत बाणाची खूण असते. त्या जवळजवळच्या दोन खाचांच्या मधला छोटा भाग आतून मजबूत केलेला असतो, जॅक तिथेच. जॅकच्या डोक्यात एक चीर असते, ती पट्टी त्या चिरेत बसली पाहिजे. अंधारात दिसत नसेल तर बोटांनी खाचा चाचपून शोधा. खाचा सोडून जॅक लावला तर पट्टी वाकते, पत्रा आत जातो, आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर खाली सगळी बॅटरी पसरलेली असते, तिला जॅक लागला तर नुकसान भयंकर मोठं आणि धोका वेगळाच. काही गाड्यांना पट्टीऐवजी वेगळी जागा दिलेली असते, विशेषतः चेसिसवाल्या, म्हणजे खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या उंच गाड्या, त्यांच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते एकदा घरी बसून बघून ठेवा.

जॅक आधी हाताने फिरवून पट्टीला टेकेपर्यंत वर आणा, मग दोन बाजूंनी लांबून बघा की तो सरळ उभा आहे, खालचा पाया पूर्ण जमिनीला टेकलाय. जमीन थोडीशी मऊ असेल तर खाली जाड फळी घाला, एक फूट बाय एक फूट पुरते, मी ती प्रत्येक गाडीत असावी अशा मताचा आहे. दगडांचा ढीग करून त्यावर जॅक अजिबात नको. मग उचला, हळूहळू, आणि गाडी उचलली जायला लागली की थांबून परत एकदा जॅक बघा. जरासा जरी तिरका होतोय असं वाटलं तर खाली घ्या आणि परत लावा. यात लाज वाटून घ्यायची काही गरज नाही, मी आजही परत लावतो.

किती उचलायचं, तर बसलेला टायर जमिनीवरून सुटेल तेवढं आणि वर अजून चार बोटं, कारण जी स्टेपनी बसवायचीय ती हवेने भरलेली आहे, तिला जास्त जागा लागते. गरजेपेक्षा जास्त नको, जॅक जितका उंच तितका डळमळीत. एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी असेल तर उचलायच्या आधी तिची उंची आपोआप सारखी ठेवणारी ऑटो लेव्हल बंद करा, नाहीतर गाडी स्वतःच खालीवर व्हायला बघते.

उचलल्यावर स्टेपनी आडवी करून गाडीच्या त्या कडेच्या खाली, जॅकच्या शेजारी सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी स्टेपनीवर येऊन थांबेल, थेट जमिनीवर नाही आदळणार. नवीन चाक बसवायच्या वेळी स्टेपनी बाहेर काढून पंक्चर चाक तिथे सरकवायचं. आणि हे कितीही केलं तरी गाडीच्या खाली डोकं, हात, पाय काही घालायचं नाही, खाली नट घरंगळला तरी हात घालून काढायचा नाही, काठीने ओढा. बसायचं ते चाकाच्या समोर उकिडवं, पाय गाडीखाली पसरून नाही.

आता नट हाताने सुटतील, कारण जोराचं काम आपण आधीच केलंय. वरचा नट शेवटी काढा म्हणजे चाक एकदम अंगावर येत नाही. नट मातीत टाकू नका, चाकाच्या कव्हरात किंवा खिशात ठेवा, आट्यांमध्ये वाळू गेली की आवळताना चुकीचा अंदाज येतो. चाक दोन्ही हातांनी सरळ आपल्याकडे ओढायचं.

कधी कधी सगळे नट काढले तरी चाक हलत नाही, गंजाने हबला, म्हणजे चाक ज्या मधल्या लोखंडी भागावर बसतं त्याला चिकटून बसतं, जुन्या गाड्यांत आणि दमट हवेत हे फार होतं. लोक मग लाथा मारतात, आणि गाडी जॅकवर असताना लाथ मारणं म्हणजे जॅक पाडायचं आमंत्रण. असं झालं तर नट परत आट्यांवर चढवा, पण दोन फेरे ढिले ठेवा, गाडी जमिनीवर उतरवा, जॅक काढा, दगड काढा आणि गाडी अगदी हातभर पुढे-मागे करा, किंवा दोघांनी मिळून गाडी बाजूने हलवा. गाडीच्याच वजनाने चाक कट्ट आवाज करून सुटतं. मग दगड, हँडब्रेक, गिअर सगळं परत लावून जॅक. वेळ जातो पण खात्रीचा मार्ग हाच.

स्टेपनी बसवताना हबवर आणि रिमच्या आतल्या बाजूला चिखल किंवा गंजाचे पापुद्रे असतील तर फडक्याने पुसून घ्या, त्याच्यावर नट आवळले तर चाक सपाट बसत नाही आणि नंतर पापुद्रे निघाले की नट ढिले होतात. चाक जड असतं, हाताने उचलून धरत बसू नका, पाय त्याच्या खाली ढोपरापासून आडवा करून बुटाच्या टोकाने थोडं वर उचला आणि भोकं जुळवा. ज्या गाड्यांत नटांऐवजी बोल्ट असतात, बऱ्याच युरोपियन कंपन्यांच्या गाड्या तशा, तिथे चाक टांगायला काही नसतं, म्हणून भोकं जुळवून वरचा बोल्ट आधी लावायचा.

नटाची एक बाजू निमुळती असते, ती चाकाच्या दिशेने. रिमच्या भोकालाही तसाच उतार असतो, नट आवळला की निमुळतं टोक त्या उतारात घुसतं आणि चाक बरोबर मध्यावर ओढलं जातं. उलटा लावला तर चाक मधोमध बसतच नाही, गाडी थरथरते आणि नट सुटतो. काही अलॉयचे नट चपट्या वॉशरचे असतात, ते लोखंडी स्टेपनीला चालतात की वेगळे लागतात हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. सगळे नट आधी फक्त बोटांनी फिरवा, निदान चार-पाच फेरे. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके चढलेत, काढा, परत लावा, पान्याने दामटू नका, आटे गेले की स्टडच, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा बदलावा लागतो. मग पान्याने हलकेच, चाक न फिरवता जेवढे आवळतील तेवढेच, आणि एकानंतर शेजारचा असं न करता समोरासमोरचे. पाच नट असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसं.

आता खालचं चाक बाहेर काढा, गाडी उतरवा, आणि चाकावर वजन आल्यावर शेवटचं आवळणं, त्याच चांदणीच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत. दांडा यावेळी उजवीकडे, तीन वाजताच्या दिशेला, आणि वरून खाली. किती आवळायचं हा प्रश्न मला सगळे विचारतात. बऱ्याचशा मोटारींना १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या (फिरवण्याचा जोर मोजायचं माप) आसपास लागतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आता गाडीतला पाना समजा ३० सेंटीमीटरचा आहे, त्याच्या टोकाला ३५ किलो वजनाएवढा दाब दिला तर साधारण १०३ न्यूटन-मीटर होतात. म्हणजे हातांनी वरून जोर देऊन दाबलं तरी पुरतं. त्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर तोच आकडा २०६ होतो, यात स्टड ताणला जातो आणि पुढच्या वेळी नट निघत नाही. सोडवताना पाय चालतो, पाइप चालतो, आवळताना दोन्ही नको. आणि आट्यांना ऑइल, ग्रीस लावू नका, तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोराने नट जास्त आवळला जातो.

निघायच्या आधी त्रिकोण उचला, दगड काढा, टूल मोजून परत ठेवा. ५० ते १०० किलोमीटर चाललं की थांबून सगळे नट परत एकदा पान्याने बघा, हे टाळू नका, चाक बसल्यावर नट थोडे ढिले होऊ शकतात. स्टेपनी बाकीच्या चाकांच्या मापाची असेल तर हवा तपासून नेहमीसारखी चालवा. पण आजकाल बऱ्याच गाड्यांत पातळ स्टेपनी किंवा लहान मापाची देतात, तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, ती खरोखर पाळायची असते. ब्रेकला गाडी वेगळी वागते, वळणावर पकड कमी असते. पातळ स्टेपनीत हवा पण बरीच जास्त लागते, साधारण ६० पीएसआय, तिच्या बाजूवर लिहिलेलं असतं, आणि लोक ३२ भरून ठेवतात. डॅशबोर्डवर टायर प्रेशरचा दिवा लागून राहिला तर घाबरू नका, स्टेपनीत बऱ्याचदा सेन्सर नसतो.

ज्या गाड्यांत स्टेपनीच नाही त्यांच्याबद्दल थोडक्यात. सीलंटची, म्हणजे आतून भोक बुजवणाऱ्या पातळ डिंकाची बाटली आणि पंप दिलेला असतो, तो उपाय फक्त टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या बारीक भोकाला चालतो, खिळ्याएवढ्या. टायरची बाजू फाटली असेल, चिरली असेल तर उपयोग नाही, टो करावं लागतं. रन-फ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, असतील तर साधारणपणे ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता येतं. आणि साधा ट्यूबलेस असेल, खिळा दिसतोय पण हवा हळूहळूच जातेय, तर खिळा उपटू नका! तोच भोक बुजवून बसलाय. छोट्या पंपाने हवा भरा आणि हळू चालवत जवळच्या पंक्चरवाल्याकडे जा. बऱ्याच वेळा रस्त्यावर चाक बदलायची गरजच पडत नाही ती यामुळे, म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप ही मी सगळ्यात आधी घ्यायला सांगतो ती वस्तू. त्याच्यानंतर डोक्याला लावायचा टॉर्च, कारण मोबाइल तोंडात धरून नट सोडवता येत नाहीत, मग जाड हातमोजे, ती फळी, पाइप, चमकणारं जॅकेट.

स्टेपनीचं वयही बघत जा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनी नवी दिसते पण रबर पडून पडूनही कडक होतं, बाजूला बारीक भेगा दिसायला लागल्या की तिच्यावर लांब जाऊ नका.

पंक्चर झालेला टायर लगेच दुरुस्त करून घ्या आणि तो रिमवरून उतरवून आतून बघायला सांगा, बसलेल्या टायरवर थोडं जरी चाललं असेल तरी आतल्या बाजूने रबराचा भुगा झालेला असतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि तसला टायर पंक्चर काढून परत वापरायचा नसतो. चाक बसवताना दुकानात एअर गनने नट आवळतात, कितीतरी जास्त आवळतात, आणि रस्त्यावर नट न सुटण्याचं मी बघितलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. त्यांना शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, म्हणजे किती आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने करायला सांगा. नाही केलं तर तिथून निघायच्या आधी, गाडी जमिनीवर आहे तेवढ्यात, आपल्या डिकीतला पाना काढा आणि त्याने एक एक नट सुटतोय का ते स्वतः बघा. जो सुटत नाही तो त्यांच्याकडूनच ढिला करून घ्या आणि परत नीट आवळून घ्या.